तिसरी पायरी, डावा पाय

नालासोपाऱ्याला बहिणीकडे गणपतीला गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, सगळे भिंतीला पाठ टेकून सुस्तावले होते. तेवढ्यात भाचा शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही ऑडिटमध्ये आहात ना? चुका काढायचं काम आहे. करता?"

"पैसे किती?"

"पैसे नाहीत. पण गेम खेळायला मिळतो, बाजारात यायच्या आधी."

अशा वेळी बायकोचे कान फार तिखट. स्वयंपाकघरातून आवाज आला, "करू दे की! फुकट चुका काढायची यांना वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे. निदान आता दुसरं कुणीतरी ऐकेल."

दुसरं कुणीतरी ऐकेल! बिचारी.

तर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एका ऑनलाइन गेमचा बीटा टेस्टर झालो. गेमचं नाव सांगता येत नाही, कारण गुप्ततेच्या सतरा कलमांखाली मी 'मान्य' वर बोट टेकवलंय. ऑडिटर असून एकही कलम वाचलं नाही, ही गोष्ट ऑफिसात कळता कामा नये. मामला नेहमीचाच होता. विमानातून उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या आणि उरलेल्या नव्याण्णव जणांच्या मागे उरायचं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जीवर बंदी घातली, त्यानंतर आपल्याकडे असले देशी खेळ काढायची जरा उमेद आली. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' त्यातलाच. आधी मोजक्या खेळाडूंकडून तपासून घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. माझा खेळ तो नव्हे, हे आत्ताच सांगून टाकतो. उगीच पुण्याहून पत्र यायला नको.

बीटा म्हणजे काय, हे वसई-विरारच्या माणसाला शिकवावं लागत नाही. बिल्डिंग उभी असते, लिफ्टच्या जागी खड्डा असतो, पाणी टँकरचं असतं, पण वास्तुशांत उरकून आपण राहायला गेलेलो असतो. राहता राहता कळतं की बाथरूमचा उतार हॉलकडे आहे. तो उतार ज्याला पहिल्यांदा सापडतो, तो बीटा टेस्टर. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, दिवसाला जायला एक आणि यायला एक. आमची चाचणी तेव्हापासून चालू आहे. जीमेलनं एप्रिल २००४ ते जुलै २००९ अशी पाच वर्षं नावाशेजारी 'बीटा' ही पाटी लटकवून ठेवली, त्याचं जगाला केवढं अप्रूप! त्याच जुलैत आमच्या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून महानगरपालिका झाली. तिकडे पाटी उतरली, इकडे चढली.

माझा पहिला बग मला दुसऱ्याच दिवशी सापडला. नकाशात एक पडकं गोदाम होतं आणि त्याला बाहेरून लोखंडी जिना. तिसऱ्या पायरीवर माझ्या सैनिकाचा डावा पाय घोट्यापर्यंत लोखंडात गेला आणि तिथेच राहिला. उजवा पाय चौथ्या पायरीवर, हातात बंदूक, चेहऱ्यावर शौर्य आणि जागच्या जागी जॉगिंग. मागून कुणीतरी आरामात चालत आला, थांबला, बहुधा हसला आणि मला मारून निघून गेला. विरारच्या जीवदानी देवीच्या तेराशेच्या वर पायऱ्या मी कुरकुरत्या गुडघ्यांनी दर नवरात्रात चढतो, आणि इथे तिसऱ्या पायरीवर खेळ खलास!

मी रीतसर रिपोर्ट लिहायला घेतला. फोनचं मॉडेल, गेमची आवृत्ती, किती वाजता, कुठल्या बाजूनं चढलो. अकरा वेळा चढून पाहिलं, नऊ वेळा अडकलो, तेही लिहिलं. फॉर्मच्या शेवटी दोन रकाने होते. 'काय व्हायला हवं होतं?' आणि 'प्रत्यक्षात काय झालं?' रात्री साडेअकराला विरारच्या घरात, तापलेला फोन पंख्याखाली धरून बसलेल्या माणसाला हे दोन प्रश्न एकापाठोपाठ एक विचारू नयेत. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. मग लिहिलं, 'वर जायला हवं होतं. अडकलो.'

मिनिटभरात उत्तर आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. मला भरून आलं. बायकोला उठवून दाखवलं. माझ्या अभिप्रायाला मोल आहे असं लेखी कुणीतरी पहिल्यांदाच दिलं होतं. पुढे कळलं की ते उत्तर कुणी लिहीत नाही, ते आपोआप निघतं, कळ दाबली की पाणी यावं तसं. (हा दाखला विरारमध्ये कितपत चालेल, शंका आहे.)

नऊ दिवसांनी दुसरा शेरा आला. 'कॅनॉट रिप्रोड्यूस.' बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि गंभीर झाली. "कुणाला म्हणतायत? आपल्याला दोन मुलं आहेत म्हणावं."

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, म्हणजे त्यांच्याकडे करून बघितलं तर तसं होत नाही."

"त्यांच्याकडे होत नाही, म्हणून माझ्याकडे झालं नाही?"

"टेक्निकली तसंच धरतात."

वीस वर्षांच्या नोकरीत मी अनेकांची वह्या-व्हाउचरं तपासली. लोक मला मनातून शिव्या घालतात, याची कल्पना आहे. पण माझ्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर येतं. "साहेब, व्हाउचर उंदरानं खाल्लं," असं धडधडीत खोटं का होईना, पण माणूस समोर उभा राहून, माझ्या तोंडावर खोटं बोलतो. तो मान आहे. कॅनॉट रिप्रोड्यूसला तोंडच नव्हतं.

चर्चगेटला पोचेपर्यंत माझ्याकडे रोज सव्वा-दीड तास असतो, तेव्हा टेस्टिंगचं बरंचसं काम लोकलमध्येच चालायचं. सर्व्हर मुंबईतच कुठेतरी आहे, असं भाचा सांगायचा. विरारहून सुटलेली माझी गोळी डोळ्याची पापणी लवायच्या आत मुंबईत पोचते आणि मी अजून नालासोपाऱ्यातच असतो, याचं मला सुरुवातीला फार वैषम्य वाटे. भाईंदरच्या खाडीवर मात्र मी आणि माझा सैनिक एक व्हायचो. गाडी पुलावर आली की नेटवर्क गुल. सैनिक एक पाय हवेत धरून थिजायचा, आणि खाली पाणजू बेटाच्या बाजूला कुणीतरी निर्माल्याची पिशवी भिरकावायचं.

गुप्ततेच्या सतरा कलमांची वाट लागली ती चौथ्या सीटवर. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस अर्ध्या मांडीवर बसतो, आणि उरलेल्या अर्ध्या मांडीचा मोबदला म्हणून शेजाऱ्याचा फोन बघतो. आमच्या चौथ्या सीटवर दादरला उतरणारे एक काका होते. पहिले दोन दिवस ते नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी पुटपुटले, "उजवीकडे आहे एक जण." पाचव्या दिवशी दरवाजातला माणूसही ओरडायला लागला. जिन्यावर पाय अडकला की काका हळहळायचे. "परत तीच पायरी! कळवलं का हो त्यांना?"

"कळवलं."

"मग?"

"मोलाचा आहे म्हणाले."

भाच्यानं मला वसई-विरारमधल्या टेस्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं होतं. सुरुवातीला साठ जण होतो. पहिल्या आठवड्यात पंचवीस गळाले. त्यांचं मला वाईट वाटलं नाही. ते चाचणीला नव्हे, फुकट आणि सगळ्यांच्या आधी खेळायला आले होते. लग्नाआधी पंगतीला बसणारी मंडळी. जीव लावला तो उरलेल्यांनी. वसई गावातल्या एका कॉलेजच्या पोरीनं गेममध्ये पावलांचा आवाज उलट्या कानात येतो हे शोधून काढलं, तेही एका बाजूच्या फाटक्या हेडफोनवर. माझ्या मते ऑडिटला यायच्या लायकीची मुलगी.

पण खरा हिरा म्हणजे अर्नाळ्याचा मुलगा. घरी बोट, बाप-काका मासेमारीला, आणि हा रात्री गेमवर. त्याला असं दिसलं की नकाशाच्या पश्चिमेला किनाऱ्यावर एका ठरावीक खडकावरून उडी मारली की सैनिक पाण्यात बुडतच नाही, सरळ समुद्रावरून चालत जातो. त्यानं ग्रुपवर व्हिडिओ टाकला. सैनिक लाटांवरून निवांत चाललाय, संध्याकाळी रिसॉर्टवाले फिरतात तसा. खाली लिहिलेलं, "असं जमलं असतं तर आम्ही किल्ल्यावर जायला होडी कशाला काढली असती?" रिपोर्ट मात्र त्यानं चोख लिहिला होता. कुठला खडक, कुठून किती पावलं, भरती की ओहोटी. गेममध्ये भरती-ओहोटी नव्हती, पण अर्नाळ्याचा मुलगा तो रकाना रिकामा कसा सोडेल?

दोन आठवड्यांनी अपडेट आलं. पावणेदोन जीबी. उतरवायला दोन रात्री गेल्या, कारण मधल्या संध्याकाळी लाइट गेली होती. उघडून पाहतो तर समुद्रावर चालणं बंद. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी एका डबक्यात पाय टाकला आणि मेला. घोट्याएवढं पाणी. सैनिकानं दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि प्राण सोडला. पाण्याची खोली बघायची सोडून, पाणी दिसलं की बुडायचं असा काहीतरी सरसकट हुकूम निघाला असावा. जुलैत कमरेएवढ्या पाण्यातून, चपला हातात आणि डबा डोक्यावर घेऊन स्टेशन गाठणाऱ्या माणसांना हे दाखवायचं म्हणजे हद्द झाली. डबक्यात बुडून मरणारा सैनिक नालासोपाऱ्यात एक पावसाळा काढणार नाही.

अर्नाळ्याच्या मुलानं पुन्हा रिपोर्ट लिहिला. यावेळी उत्तर दोनच दिवसांत आलं. आपली तक्रार आपल्याच आधीच्या तक्रारीशी मिळतीजुळती असून ती तक्रार निकाली निघाली आहे, सबब ही बंद करण्यात येत आहे. डुप्लिकेट.

त्यानं काही वाद घातला नाही. ग्रुपवर लिहिलं, "उद्यापासून बोटीवर जातोय, तिकडे मासा लागला की निदान दोरी तरी हलते." आणि बाहेर पडला. त्याच रात्री आणखी नऊ जण गेले. मग नुसतं रडगाणं. सर्व्हर आता आठवड्यातून तीनच दिवस चालू, आणि खेळ शंभर जणांचा. शंभर जमेनात म्हणून वाट बघावी लागे, वाट बघून कंटाळून आणखी दहा जात, म्हणून आणखी वाट बघावी लागे. ग्रुपवर फक्त सकाळी फुलांचे फोटो यायला लागले, तेव्हा मी समजलो.

परदेशात याहून मोठे घोळ झालेत, हे भाचा मला सांत्वनापोटी सांगत असतो. 'फायनल फँटसी चौदा' नावाच्या जपानी खेळाच्या टेस्टरांनी कितीतरी ओरड केली, तरी सप्टेंबर २०१० मध्ये तो तसाच बाजारात आणला. लोक इतके वैतागले की कंपनीनं जाहीर माफी मागितली, मुख्य माणूस बदलला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये खेळातल्या जगावर चंद्र पाडून ते जगच बंद केलं. पुढच्या वर्षी नव्यानं बांधून परत उघडलं. मला त्या चंद्राचा हेवा वाटला. आमच्याकडे एक पायरी बसवायला कुणी तयार नव्हतं.

मी का टिकलो? खरं सांगायचं तर लोभ. मी अडतिसाव्या लेव्हलला पोचलो होतो. माझ्याकडे सोनेरी बंदूक होती आणि एक हिरवी टोपी होती, जी ग्रुपमध्ये फक्त माझ्याकडे होती. भाचा मित्रांना सांगायचा, "माझ्या मामाकडे हिरवी टोपी आहे." आमच्या घराण्यात एवढं नाव कुणी काढलं नव्हतं.

एका सोमवारी सकाळी गेम उघडला. लेव्हल एक. अंगात मळकट बनियन, डोकं उघडं.

"वाइप झालं मामा," भाचा म्हणाला. "चाचणी संपली की सगळ्यांचं पुसतात. कलम अकरा."

मी त्या दिवशी गेम काढून टाकला. रागानं नाही. राग यायला समोर कुणी लागतं. कॅन्सल झालेल्या गाडीच्या प्लॅटफॉर्मवरून माणूस जसा मुकाट्यानं परत जिन्याकडे वळतो, तसं केलं. लोकलमध्ये पेपर वाचायला लागलो. चौथ्या सीटवरचे काका चार दिवस अस्वस्थ होते. पाचव्या दिवशी न राहवून म्हणाले, "त्या पायरीचं काय झालं हो शेवटी?"

अख्ख्या सात महिन्यांत हा प्रश्न मला विचारणारा तो एकमेव माणूस.

गेम पुढे बाजारात आला. मी बघितलासुद्धा नाही. त्यानंतर महिन्याभरानं असेल, नायगाव सोडलं होतं, पेपरचं पान उलटताना माझं लक्ष सहज शेजारी गेलं. काकांच्या हातात फोन. फोनवर पडकं गोदाम, बाहेरून लोखंडी जिना, आणि तिसऱ्या पायरीवर एक सैनिक, उजवा पाय वर, जागच्या जागी जॉगिंग करतोय.

"तिच्यायला," काका म्हणाले, "अजून तशीच आहे की! कळवायला पाहिजे त्यांना." त्यांनी फॉर्म उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाशी नेला. "इथे विचारतायत, काय व्हायला हवं होतं. काय लिहू?"

गाडी खाडीवर चढत होती. नेटवर्क जायला अर्धं मिनिट होतं. मी पेपर घडी करून मांडीखाली घातला.

"आणा इकडे," मी म्हणालो. "तुम्हाला लिहायला वेळ लागेल."