मार्च होऊ दे, मग बघू

खासगी बँकेच्या शाखेत विक्रीच्या खुर्चीवर बसलेल्या कुणालाही विचारा, नोकरी कधी सोडणार? उत्तर पाठ आहे. मार्च होऊ दे. मार्च होतो. मग इन्सेंटिव्ह हातात पडायचा असतो, तो मे-जूनशिवाय पडत नाही. तो पडला की अप्रेझलचं पत्र. त्यातली वाढ बघून डोकं फिरतं, तेवढ्यात गणपती येतात, आणि सणासुदीला कोण राजीनामा देतं? पुढे दसरा-दिवाळी, म्हणजे सोनं, गाड्या, कर्जाचा सीझन, रजा बंद. जानेवारी उजाडला की टॅक्स वाचवायला आलेली गिऱ्हाइकं, आणि पुन्हा मार्च. या चक्रात पंचविशीची पोरं पस्तिशीला टेकतात. रविवारी संध्याकाळ झाली की त्यांची तोंडं उतरतात आणि घरात कुणी त्यावर बोलत नाही.

मला या ‘होऊ दे’ची चीड आहे. सोडायचं नसेल तर खुशाल राहा, त्यात कमीपणा नाही. सोडायचं असेल तर हिशोब करून सोडा. पण दोन्ही न करता नुसत्या तारखा पुढे ढकलत राहणं म्हणजे आपल्या आयुष्याचा निर्णय बँकेच्या कॅलेंडरवर सोडून देणं.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ च्या बँकिंग क्षेत्रावरच्या आपल्या अहवालात काही खासगी बँका आणि स्मॉल फायनान्स बँकांमधल्या गळतीवर बोट ठेवलं. तीन वर्षांची सरासरी साधारण २५ टक्के. दर वर्षी चारातला एक माणूस दार लोटून बाहेर पडतोय. इतकी माणसं एकाच धंद्यातून पळत असतील, तर ‘आजची पिढी टिकत नाही’ हे वाक्य गिळून टाकावं. दोष पोरांत नाही, कामाच्या मांडणीत आहे.

ती मांडणी जवळून बघायची असेल तर माझ्या भाचीकडे बघा. माझ्या मावसबहिणीची मुलगी, नाशिकमध्ये एका खासगी बँकेच्या शाखेत. पद रिलेशनशिप मॅनेजर, काम विमा विकणं. सकाळी पावणेनऊला कॉल. ‘आजची कमिटमेंट काय?’ दुपारी पुन्हा कॉल. ‘लॉगिन किती झालं?’ संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी, ज्यांचा आकडा शून्य त्यांची नावं लाल रंगात. ग्रुपवर शंभरेक माणसं. एम.कॉम. झालेल्या मुलीने आपलं नाव रोज लाल रंगात वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री केलेला ड्रेस घालून ‘वेलकम सर’ म्हणायचं.

हे एका शाखेपुरतं नाही. जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेचा अधिकारी ऑनलाइन मीटिंगमध्ये टार्गेटवरून हाताखालच्या लोकांवर कसा खेकसतो, ते साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिलं. बँकेने त्याला निलंबित केलं. त्याच्या डोक्यावर ते टार्गेट कुणी ठेवलं होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकर्सच्या परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही लोकांच्या गळ्यात चुकीच्या पद्धतीने विमा मारण्याबद्दल बँकांना सुनावलं. पावणेनऊचा कॉल दुसऱ्या दिवशीही झाला.

भाचीचा प्रश्न टार्गेटचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. टार्गेट तिला झेपत होतं. तिला जे झेपलं नाही ते वेगळं आहे. सिन्नरकडचे एक निवृत्त शिक्षक शाखेत आले. पाच लाखांची एफडी करायची होती, सरळ काम. मॅनेजरने केबिनमधून खूण केली. भाचीने चार लाखांची एफडी केली आणि उरलेल्या लाखाची पॉलिसी. दर वर्षी लाख, पाच वर्षं भरायची. कागद पुढे सरकवताना ‘एफडीसारखंच आहे, सर, वर विमा फुकट’ असं ती म्हणाली. गुरुजींनी चष्मा काढून विचारलं, ‘बाळा, तू सांगतेस ना? मग कुठे सही करू?’

ती त्या रात्री जेवली नाही. नंतर माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, ‘मामा, त्यांनी वाचलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून सही केली.’

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री-लूक म्हणतात. थोडीफार वजावट होऊन पैसे परत मिळतात. भाचीने हे गुरुजींना घरी जाऊन सांगितलं आणि अर्जही लिहून दिला. पॉलिसी रद्द झाली, तिचा आकडा खाली आला, ग्रुपवर नाव पुन्हा लाल. केबिनमध्ये काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘सोडू का?’

आता सल्ल्यांकडे येऊ, कारण या प्रश्नाची सगळ्यात जास्त नासाडी सल्ल्यांनी होते. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, म्हणाले, बँकेतली नोकरी आहे, वेडेपणा करू नकोस. दाजींच्या डोक्यातली बँक १९६९ नंतरची. इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हापासून मराठी घरात बँकेतला जावई म्हणजे देव पावला. कायम नोकरी, युनियन, पेन्शन, पाचला कुलूप. मुलीच्या बँकेत यातलं काही नाही, पाटीवर फक्त ‘बँक’ लिहिलंय. दाजी मुलीच्या नोकरीचं नाही, आपल्या तरुणपणीच्या एका इभ्रतीचं रक्षण करत होते. दुसरीकडे तिच्या मैत्रिणी. ‘आयुष्य एकदाच मिळतं, दे फेकून.’ या मैत्रिणींपैकी एकीच्याही घरी तिच्या पगारावर भावाची इंजिनिअरिंगची फी चालत नाही. ज्याच्या खिशातून किंमत जाणार नाही, त्याने शौर्य शिकवू नये.

मी तिला वही काढायला लावली.

पहिली गोष्ट ग्रॅच्युइटी, कारण ‘पाच वर्षं पूर्ण होऊ दे’ हा बँकेतला दुसरा मोठा मंत्र. कायद्याचा हिशोब सोपा आहे: मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. भाचीचा मूळ पगार वीस हजार धरला तर पाच वर्षांचे सुमारे ५७,७०० रुपये होतात. तिची साडेतीन वर्षं झालेली. म्हणजे ही रक्कम मिळवायला अजून दीड वर्ष, महिन्याला तीन हजार दोनशे रुपये. एवढ्यासाठी लाल यादी आणि गुरुजींच्या सह्या? आकडा कागदावर आल्यावर ती स्वतःच हसली. कुणाचे चार महिने उरले असतील, मूळ पगार लाखभर असेल, तर त्याने जरूर थांबावं. तेही वहीच सांगते.

दुसरं, स्टाफ लोन. याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि बँकेतली निम्मी माणसं यानेच बांधलेली असतात. कर्मचारी म्हणून सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळतं. नोकरी सुटली की सवलत सुटते, तेच कर्ज बाजारभावाच्या व्याजाने फेडावं लागतं, काही वेळा एकरकमी. राजीनाम्याआधी ते मंजुरीचं पत्र काढून नीट वाचा. भाचीचं भावाच्या फीसाठी घेतलेलं कर्ज होतं. हप्ता किती वाढेल तो आकडा आम्ही लिहून ठेवला, तेव्हा त्याची भीती निम्मी झाली.

तिसरं मेडिक्लेम. कंपनीचा विमा शेवटच्या दिवसापर्यंतच, आणि दाजींना मधुमेह. स्वतंत्र पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोटीस देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते विचारून घ्यायचं. पीएफ मात्र काढायचा नाही, पुढच्या नोकरीत वळता करायचा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते.

आणि नोटीस. नेमणुकीच्या पत्रात अनेकदा ९० दिवस लिहिलेले असतात. ज्या कंपन्या माणसाला काढताना संध्याकाळपर्यंत लॅपटॉप मागतात, त्या जाणाऱ्याला तीन महिने धरून ठेवतात. नवा मालक तीन महिने थांबत नाही, म्हणून नोकरी सुटत नाही. ही अट संख्येने प्रचंड आणि आवाजाने दुबळ्या अशा पांढरपेशा नोकरदारांवर लादलेली आहे आणि ती तीस दिवसांवर आलीच पाहिजे. तोवर एवढं लक्षात ठेवा: कुणालाही मनाविरुद्ध नोकरीत राबवायचा हुकूम न्यायालय देत नाही, सहसा नोटिशीच्या काळाचे पैसे मागितले जातात. रिलिव्हिंग लेटर अडकवण्याची धमकी देतात, म्हणून प्रत्येक बोलणं ईमेलवर आणा. २०१९ च्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत मजुरी चुकती करा असं लिहिलेलं आहे. एचआरला हे कलम माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळू द्या.

वही संपली तरी एक गोष्ट वहीत बसत नाही. दुःख कशाचं आहे? साहेब वाईट असेल तर मी थांबायलाच सांगेन. चारातला एक दर वर्षी जातो त्या धंद्यात साहेबही बदलतो, तुमच्या आधी बदलतो. पगार कमी असेल तर नोकरीत राहून दुसरी शोधा, हातात ऑफर असताना बोलणं वेगळं होतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि त्याच्या औषधासाठी तुम्ही ती खुर्ची धरून बसला असाल, तर तुम्हाला भित्रा म्हणणाऱ्याला घराबाहेर काढा. पण काम करताना समोरच्या माणसाला फसवल्यासारखं वाटत असेल, तर ते रजा घेऊन बरं होत नाही आणि शाखा बदलूनही नाही, कारण पुढच्या शाखेतही पावणेनऊचा कॉल आहे. तिथे उशीर केला की एक दिवस वाटणं बंद होतं. ज्यांचं वाटणं बंद झालंय अशी माणसं भाचीच्या शाखेत आहेत. त्यांचं नाव कधी लाल होत नाही.

आणि शरीर बोलायला लागलं, छातीत दुखतंय, झोप उडाली, बाथरूममध्ये जाऊन रडावं लागतंय, तर वही, मार्च, ग्रॅच्युइटी सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा आणि बाहेर पडा. जुलै २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सीए झालेली मुलगी गेली. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. कामाच्या ओझ्याने गेली असं तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्रात लिहिलं, कंपनीने ते कारण मान्य केलं नाही. मी त्या वादात न्यायाधीश नाही. पण ते पत्र वाचल्यापासून कुठल्याही पोराला ‘अजून थोडं सहन कर’ असं सांगायला माझी जीभ धजावत नाही.

भाचीने ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. मार्चची वाट पाहिली नाही, गणपतीचीही नाही. मॅनेजरने बढतीचं गाजर दाखवलं. तिने ईमेलवर विचारलं, नव्या पदावर विम्याचं टार्गेट असेल का? त्या ईमेलला उत्तर आलं नाही. आता ती एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. पगार तिसऱ्या हिश्श्याने कमी, कर्जाचा हप्ता जास्त. महिनाअखेर ओढाताण होते, हे लपवण्यात अर्थ नाही. भावाने शिकवण्या धरल्यात.

दाजी अजून नातेवाइकांत हा विषय काढत नाहीत. परवा एका साखरपुड्यात कुणीतरी विचारलं, तेव्हा ‘सध्या ब्रेक घेतलाय’ म्हणाले. दाजी, ब्रेक घेतलेला नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं, की चारचौघांत मोठ्याने सांगा: पोरीने एका मास्तरांचे लाख रुपये वाचवले आणि नोकरी सोडली.