फळीला चार कडा असतात

रत्नागिरीत पार्टिकल बोर्डाची मांडणी विकत घ्या किंवा घरी करून घ्या, प्रत्येक फळीची एकच कड झाकलेली मिळते. समोरची. बाजूच्या दोन कडा उभ्या तक्त्यांना भिडतात, मागची भिंतीकडे जाते आणि उभ्या तक्त्यांचं बूड थेट लादीवर टेकतं. या सगळ्या कडा उघड्या. सुताराला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काका, मागच्या बाजूला कोण बघायला जातंय?" दुकानात विचारलं तर तेच उत्तर जरा शुद्ध भाषेत मिळतं. माझी तक्रार या उत्तराबद्दल आहे. मागच्या बाजूला माणूस जात नाही हे खरं, पण दमट हवा जाते, आणि जून ते सप्टेंबर ती तिथून हलत नाही.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि ढलप्या, कधी उसाचं चिपाड, युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या राळेत कालवून, गरम दाबाखाली थापलेला तक्ता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत त्याचे कारखाने सुरू झाले. लाकडाची टंचाई होती आणि गिरण्यांमधून भुसा वाया जात होता. त्या वस्तूला मी नावं ठेवणार नाही. ज्याला साग परवडत नाही त्याच्या घरी तिच्यामुळे पुस्तकांना जागा झाली. पण तिची रचना समजून घेतली पाहिजे. तक्त्याच्या वरच्या आणि खालच्या थरात बारीक भुकटी घट्ट बसलेली असते आणि त्यावर बहुधा मेलामाइनचा छापील कागद असतो. या दोन बाजूंनी पाणी सहज आत जात नाही. पोटात मात्र जाड ढलप्या आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या असतात. करवत फिरली की हे पोट चारही बाजूंनी उघडं पडतं. फळी मरते ती नेहमी कडेवरून, आणि आपल्याकडे नेमकी कडच सोडून दिली जाते.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असतो. भिंतींना ओल येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी धरते. हे इथल्या कुणालाही नव्यानं सांगायला नको. मग सागवानी मांडणीचे पैसे परवडत नाहीत म्हणून बोर्ड घेणाऱ्या माणसाला कडा उघड्या ठेवून माल का दिला जातो?

ऑगस्टमधली एक फळी मी जवळून पाहिली, तिचं वर्णन करतो. मांडणीचा उभा तक्ता, १८ मिलिमीटर जाडीचा. लादीपासून चार बोटं वर तो आहे तसाच होता, त्याखाली फुगत फुगत तळाशी २१ मिलिमीटर झाला होता. भिजलेल्या पोह्यांसारखा. फुगवट्याच्या रेषेवर छापील कागदाला केसाएवढी चीर गेली होती. तिथे नखानं जरा टोकरलं तर तपकिरी भुकटी लादीवर सांडली. समोरची पट्टी खालच्या कोपऱ्यात अर्धा इंच सुटून बाहेर वळली होती आणि तिला फडक्याचे धागे अडकले होते. रोज केर काढताना, पुसताना ती पट्टी फडकं धरते. घरातलं माणूस फडकं हिसकतं, आणि पट्टी आणखी थोडी सुटते.

असा फुगलेला तक्ता पुढे उन्हाळ्यात वाळला तरी पूर्ववत होत नाही. कोकणातल्या जुन्या घरात फणसाच्या लाकडाचं देवघर किंवा सागाचं फडताळ असतं, तेही पावसात थोडं फुगतं, दार घट्ट होतं, दिवाळीनंतर पुन्हा सैल होतं. अख्ख्या लाकडाची ती चाल आहे. बोर्डातल्या ढलप्या कारखान्यात दाबून चपट्या केलेल्या असतात. पाणी मिळालं की त्या मूळ जाडीकडे परततात आणि राळेची पकड सुटते. मग स्क्रूला धरायला काही उरत नाही. बिजागरी लोंबते, फळी एका बाजूला कलते.

यात भर घालायला आपलं वेळापत्रक आहे. घरातली सुतारकी आणि रंगकाम कोकणात गणपतीच्या आधी उरकायचं असतं. मुंबईहून माणसं येणार, घर नीट दिसलं पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यामुळे आषाढ-श्रावणात, वर्षातल्या सर्वात ओल्या दिवसांत, बोर्ड कापला जातो. कापलेले तक्ते पडवीत भिंतीला टेकून राहतात, दोन सरी अंगावर घेतात, आणि मग त्या ओलीसकट कडेवर पट्टी चिकटते. पांढरा फेविकॉल त्या हवेत लवकर सुकत नाही. मिस्त्रीला पुढच्या घरी जायचं असतं, कारण त्या घरीही गणपती आहे. मिस्त्रीला मी दोष देत नाही, त्याच्या हातात तेवढेच दिवस असतात. पण ज्याला शक्य आहे त्यानं हे काम एप्रिल-मेमध्ये करून घ्यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता पट्टीबद्दल. सर्रास लावली जाते ती पीव्हीसीची टेप, २२ मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ. कारखान्यात गरम गोंदानं यंत्रावर बसवलेली टेप बरी टिकते. जागेवर हातानं बसवलेली, वास येणाऱ्या पिवळ्या गोंदावर अंगठ्यानं दाबलेली टेप टिकत नाही, कारण दाब सगळीकडे सारखा बसत नाही. शिवाय ती कापताना कटर कागदात शिरतो आणि कडेलगत पांढरे ओरखडे उठतात, ते मार्करनं भरले जातात. आणि रंग! बोर्डावर छापलेला साग एका छटेचा, टेपवर छापलेला साग दुसऱ्या छटेचा, मार्कर तिसऱ्याचा. समोरच्या एकुलत्या झाकलेल्या कडेचीही ही गत असेल, तर "कोण बघायला जातंय" हे उत्तर समोरच्या बाजूलाही लागू आहे असंच समजायचं का?

लाकडाची विनियर पट्टी हा याहून बराच चांगला उपाय आहे आणि तो अवघड नाही. विनियर म्हणजे पातं चालवून काढलेला खऱ्या लाकडाचा पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. काही ठिकाणी ४ मिलिमीटरच्या टीक प्लायच्या चिपा कापून कडेवर ठोकतात. त्यानं काम भागतं, पण प्लायचे थर दोन्ही अंगांनी रेघांसारखे दिसत राहतात, आणि मी तरी ते करून घेणार नाही. सुटी विनियर मिळते, किंवा मागे अस्तर लावलेली पट्टी रोलमध्ये मिळते. ती घ्यावी.

ती बसवण्यात महत्त्वाची गोष्ट एकच आहे, आणि तीच गाळली जाते. बोर्डाची कड गोंद पिते. पहिला हात दिला की काही मिनिटांत तो आत जिरतो आणि वर चिकटायला काही शिल्लक राहत नाही. म्हणून कडेला आधी पॉलिश पेपर मारून, भुकटी झटकून, थोडं पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. मग घट्ट फेविकॉलचा हात कडेला आणि पट्टीच्या पाठीलाही, आणि तोही वाळू द्यायचा. वाळलेल्या फेविकॉलवर पट्टी ठेवून, मध्ये साधा कागद धरून, वाफ बंद केलेली गरम इस्त्री सावकाश फिरवायची. उष्णतेनं गोंद पुन्हा मऊ होतो आणि पकडतो. इस्त्रीच्या मागोमाग लाकडाचा गुळगुळीत ठोकळा दाबून न्यायचा, कारण थंड होताना दाब हवा असतो. घरातली इस्त्री या कामाला पुरते.

पट्टी कडेपेक्षा दोन्हीकडे मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त रुंद असावी. जास्तीचा भाग धारदार पटाशीनं रेषांच्या ओघानं काढायचा. रेषा आत वळत असतील तर दुसऱ्या टोकाकडून यायचं, नाहीतर चीर फळीवर जाते. शेवटी ठोकळ्याला गुंडाळलेला बारीक पॉलिश पेपर, आणि तो एकाच दिशेनं, पट्टीवरून फळीकडे. उलटा ओढला की पापुद्रा उचलला जातो. गोंदाचा ओघळ पट्टीवर राहिला असेल तर तो आताच खरवडावा, कारण त्या जागी पॉलिश धरत नाही आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. मग पॉलिश किंवा मेलामाइनचे दोन-तीन हात. हे हात टाळले तर एवढी मेहनत वाया जाते, कारण उघडं विनियरही ओल घेतंच.

फळीवर पुस्तकं राहणार असतील तर समोरच्या कडेला विनियरऐवजी अख्ख्या लाकडाची दहा-बारा मिलिमीटरची पट्टी लावून घ्यावी. पुस्तकांचं वजन आपण नेहमी कमी धरतो. १८ मिलिमीटरचा बोर्ड अडीच फुटांपुढे आधाराशिवाय नेला की मध्ये झोळ धरतो, आणि समोरची लाकडी पट्टी तो झोळ बराच रोखते. १८२८ साली स्थापन झालेलं वाचनालय ज्या गावात आहे तिथे पुस्तकांच्या फळीकडे थोडं लक्ष द्यायला हरकत नसावी.

मागच्या आणि तळाच्या कडांना विनियर लागत नाही. शोभेची ती जागाच नाही. तिथे सीलर किंवा ऑइल पेंटचे दोन हात पुरतात, मात्र वायरीसाठी पाडलेल्या भोकांच्या आतही ब्रश गेला पाहिजे. उभ्या तक्त्यांना प्लास्टिकचे बुटके पाय लावले की लादी पुसण्याचं पाणी बुडाला लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीपासून मांडणी इंचभर पुढे ठेवावी. स्वयंपाकघरात मोरीखाली पार्टिकल बोर्ड कोणत्याही कडेनं वापरू नये. तिथे आयएस ७१० चा मरीन प्लाय किंवा मग कडप्पा.

"एवढं सगळं करायचं तर परवडत नाही" हे दुसरं ठरलेलं उत्तर. हिशेब करू. आठ बाय चार फुटांचा विनियरचा एक पापुद्रा घेतला आणि त्याच्या २२ मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या कापल्या, तर पंचावन्न पट्ट्या निघतात, प्रत्येकी आठ फूट. म्हणजे ४४० फूट. फाटकंतुटकं बाजूला काढलं तरी एका घरातल्या सगळ्या मांडण्यांच्या समोरच्या कडा त्यात होतात. आणि मागच्या कडांना लागणारा सीलर डबाभरसुद्धा नसतो. न परवडणारी गोष्ट म्हणजे चार पावसाळ्यांत अख्खी मांडणी बदलणं, आणि ती बदलतो गिऱ्हाईक.

या गावाला तरी सागाची किंमत सांगावी लागू नये. १८८५ साली ब्रह्मदेशच्या दरबारानं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागाच्या ओंडक्यांवरून दंड केला. इंग्रजांनी ते निमित्त करून युद्ध पुकारलं, थिबा राजाचं राज्य गेलं, आणि १८८६ साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली तो त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात राहायला गेला आणि १९१६ साली रत्नागिरीतच वारला. ज्या लाकडापायी एक राज्य बुडालं, त्याचा अर्धा मिलिमीटर फळीच्या कडेला लावायला आपण का-कू करतो, हे मला खरोखर समजत नाही.

नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वासही याच कडांशी जोडलेला आहे. तो राळेतल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि उघड्या कडेतून जास्त सुटतो. मुलांच्या खोलीत, बंद खिडक्यांच्या पावसाळ्यात, हा प्रश्न दिसण्या-न दिसण्याचा राहत नाही. पार्टिकल बोर्डासाठी आयएस ३०८७ आणि वर कागद चढवलेल्या बोर्डासाठी आयएस १२८२३ ही भारतीय मानकं आहेत, पाण्यात बुडवून जाडी किती वाढते याची चाचणीही ठरलेली आहे. पण मानक तक्त्यावर छापलेलं असतं. तक्ता कापल्यावर त्याच्या कडांचं काय करायचं ते मिस्त्री, दुकानदार आणि गिऱ्हाईक या तिघांत ठरतं. आजवर ते गिऱ्हाइकाला न विचारता ठरत आलं आहे.

म्हणून विनंती आहे. मांडणीची ऑर्डर देताना कागदावर "चारही कडा आणि बूड सील करून" असं लिहून घ्या. माल आला की पैसे देण्याआधी तो भिंतीला लावू देऊ नका. मागून हात फिरवा, आडवा करून बूड बघा. कड खरखरीत लागली तर ती पुरी होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका, मग गणपती उद्यावर आलेले असले तरी.