बंदूक साडेसतराला, रम पंचविशीला

पहाटे दारव्हा रोडवर धावून छाती फुगवणारा यवतमाळचा पोरगा साडेसतराव्या वर्षी अग्निवीर होऊ शकतो. बंदूक मिळते, सीमाही मिळते. दारूसाठी मात्र तो अजून लहान: महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ वर्षे पूर्ण लागतात, रम-व्हिस्कीला २५.

२०२२च्या योजनेनुसार नोकरी चार वर्षांची. कायम न झालेला गडी साडेएकविसाव्या वर्षी घरी परततो, तेव्हा कायद्याच्या लेखी तो सौम्य बिअरपुरता सज्ञान झालेला असतो. रमसाठी आणखी साडेतीन वर्षे कळ काढायची. तोवर लष्करी कँटीनही हातची गेलेली. तो माजी होतो, पण 'माजी सैनिक' नव्हे!

सैनिकांच्या पेल्याची चिंता सर्वोच्च न्यायालयानेही वाहिली आहे. मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात लष्करी मेस-कँटीनना सूट होती. बलसारा खटल्यात १९५१ साली ती वैध ठरली. (यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात. आपण निर्दोष.)

राळेगावकडून वर्धा नदी ओलांडली की वयाचा घोळच मिटतो. पलीकडच्या जिल्ह्यात सतरा असो वा सत्तर, सगळ्यांनाच दारूबंदी. कागदोपत्री.