नियम, अपवाद आणि सर

आमच्या कॉलनीत सरांना नाव नाही. विजेच्या बिलावर असेल. पण लातुरात आयुष्यभर आठवी-नववीला विज्ञान शिकवलेल्या माणसाला नावाची गरज उरत नाही. औसा रोडवर उभं राहून नुसतं 'सर' म्हटलं तरी दहा माणसं मागं वळतात, म्हणून ओळखीपुरतं आम्ही त्यांना 'कुत्र्याचे सर' म्हणतो. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. "कुत्र्यांचे म्हणा," एवढीच दुरुस्ती केली. "दोन आहेत."

निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली शाळेत जमा झाली. समजावून सांगायची हौस मात्र जमा करून घ्यायला कुणी तयार नव्हतं. ती सर घरी घेऊन आले.

थोरल्या कुत्र्याचं नाव नियम, धाकट्याचं अपवाद. नियम कारवानी, चाकूर तालुक्यातल्या जानवळकडचा. अपवाद कॉलनीच्या नालीकाठी सापडलेला. खानदानी तो नियमानं वागेल असा सरांचा कयास होता. प्रत्यक्षात मांजर दिसलं की नियम साखळीसह सरांना घेऊन निघतो, आणि 'बस' म्हटल्यावर बसतो तो अपवाद. काकू या भानगडीत पडल्याच नाहीत. त्यांनी दोघांना बाळ्या आणि काळ्या केलं. कुत्री ओ देतात ती याच नावांना.

कारवानीचं लांब तोंड, खोल छाती आणि पाठीला टेकलेलं पोट पाहून पाहुण्यांना वाटतं, सर याला जेवायला घालत नाहीत. तसं कुणी बोललं की संपलंच. नियमच्या बरगड्यांवरून बोट फिरवत, फुप्फुसांना किती जागा लागते आणि वासापेक्षा नजरेवर पळणाऱ्या कुत्र्याची बांधणी अशीच का, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय चहा मिळत नाही. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी, देवणी आणि कुत्रीही. तिथं सरांनी एका फेटेवाल्या म्हाताऱ्याला त्याच्याच कुत्र्याची छाती समजावून दिली. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "तुमचं समदं खरं हाय, सर. पर कुत्रं ससा बघून पळतंय, फुप्फुस बघून न्हाई."

"सशाची शिकार कायद्यानं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972."

"म्हणून तर नुसतं पळतंय म्हणलो."

सरांनी वही काढून लिहिलं: निरीक्षण अचूक.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एक विज्ञानशिक्षक आपल्या बन्सन नावाच्या केसाळ कुत्र्याला सोबत घेऊन जगाला विज्ञान सांगतात. नातवानं त्याचे व्हिडिओ दाखवले. आपलं काम परदेशात सुरू झाल्याचं पाहून सर खूश झाले. पण तेवढ्याच केसांचा हस्की समोरच्या बंगल्यात आला तेव्हा त्यांची झोप उडाली. मे महिना, बेचाळीस अंश, दुपारचे दोन. सरांनी मालकाला रस्त्यावर बोलावून त्याच्या हाताची उलटी बाजू डांबरावर टेकवायला लावली. "सात सेकंद ठेवा." मालक दुसऱ्या सेकंदाला किंचाळला. "तुम्ही चपला घालता. तो घालत नाही. त्याला घाम फक्त तळव्यांना येतो, अंगाला नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतो ते माठाचं काम आहे: पाणी उडतं, उष्णता घेऊन जातं. आता माठाला कुणी स्वेटर घालतं का?" हस्की त्या दिवसापासून सकाळी सहाला फिरतो. मालक सरांना पाहून हात खिशात घालतो.

कुत्र्यानं रस्त्यावर केलेलं उचलायचं, हाही सरांचा दंडक. त्यासाठी ते जुनं वर्तमानपत्र बाळगतात. लातुरात जून-जुलैच्या वर्तमानपत्रात बातमी कमी आणि नीटमध्ये चमकलेल्या पोरांचे फोटो जास्त. एका सकाळी एका पालकानं स्वतःच्या चिरंजिवाला चुकीच्या क्षणी ओळखलं. शब्दाला शब्द वाढला. सरांनी जंतांची अंडी मातीत किती काळ टिकतात आणि पोरांच्या पोटात कशी जातात हे सांगायला घेतलं, तेव्हा भांडण आपोआप मिटलं. सरांशी कुणाचंही भांडण असंच मिटतं. समोरचा निघून जातो.

नांदेडला लेकीकडं गेले की अपवाद सोबत. नातवाला पाव्हलॉव समजावायचा म्हणून सर अपवादच्या जेवणाआधी रोज घंटा वाजवू लागले. ("नोबेल 1904 साली मिळालं ते पचनावरच्या कामासाठी हं, घंटेसाठी नव्हे," हे कंसातलं वाक्यही ते मोठ्यानं म्हणतात.) आठवड्यात अपवादला घंटा ऐकली की लाळ सुटू लागली. प्रयोग यशस्वी. पण शेजारीच मंदिर. संध्याकाळी आरतीची घंटा झाली आणि अपवाद फाटक ओलांडून थेट सभामंडपात, पुढचे पाय जोडल्यासारखे टेकवून, डोळे समईवर, तोंडातून धार.

"खंडोबाचं कुत्रं हाय बाई," एक आजी म्हणाल्या आणि पेढा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा, पुन्हा पेढा. ही भक्ती नसून अवलंबी प्रतिक्षेप आहे, हे सर चपला हातात घेऊन सांगत होते. पण ते जितकं सांगत तितका आज्यांचा भाव वाढे, आणि प्रत्येक पेढ्यानं पाव्हलॉव आणखी पक्का होई. एखाद्या सिद्धान्ताला त्याच्या विरोधकांनी इतकी मदत केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शेवटी सरांनी तत्त्व सोडून तपशील धरला. रोज गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे राहून विचारत, "शिऱ्यात बेदाणे आहेत का? बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात." पुजाऱ्यानं बेदाणे बंद केले. नांदेडात सरांचा हा सर्वांत मोठा विजय.

तरी सरांचं बोलणं कुणी सलग पंधरा मिनिटं ऐकलं असेल तर ते एकदाच. देगलूरकडचा एक पोरगा आमच्या गल्लीत खोली करून राहतो, क्लासला जातो. रात्री परत येताना त्याच्या पोटरीला भटकं कुत्रं चावलं. घरमालकीणबाई मिरचीपूड घेऊन धावल्या. दुसऱ्यानं चुना आणला. सर आले ते कपडे धुवायच्या साबणाची वडी घेऊन. पोराला नळाखाली बसवलं आणि घड्याळ लावलं.

लातुरात पंधरा मिनिटं नळ सोडून ठेवणं म्हणजे काय, हे लातूरकरालाच कळतं. चौथ्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "सर, टाकी रिकामी होऊ लालीय की!"

"2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मीही इथंच होतो. पाण्याची किंमत मला सांगू नका. पंधरा म्हणजे पंधरा." आणि साबण चोळत सुरू झाले: रेबीजचा विषाणू रक्तातून नव्हे, नसेतून मेंदूकडं सरकतो. त्याचं आवरण स्निग्ध, साबणानं फुटतं. तिखट-चुन्यानं जखम भाजते, विषाणू आत ढकलला जातो. लक्षणं दिसू लागली की उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून धावायचं ते आत्ता. पोराचा पाय सरांच्या मुठीत होता आणि पाणी वाहत होतं, त्यामुळं कुणालाच उठता येईना. नवव्या मिनिटाला पोरानं विचारलं, "सर, हे नीटला येतं का?"

"आलं तर पास होशील. नाही आलं तर जिवंत राहशील."

मग दवाखाना. "पोटात चौदा सुया," म्हणून बाई हळहळल्या. तो जमाना गेला, आता दंडात, असं सर म्हणाले. रक्त आलं होतं म्हणून जखमेतच सोडायचं वेगळं इंजेक्शनही त्यांनी आठवणीनं मागितलं. कॅलेंडरवर शून्य, तीन, सात, अठ्ठावीस अशा खुणा केल्या. पोराच्या आईनं फोनवर विचारलं, "शून्यावा दिवस म्हंजे काल का?" सरांनी तिला संख्यारेषा समजावली. देगलूरला, रात्री अकरा वाजता.

आता चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. तोवर ते धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. लस त्यासाठी थांबवायची नाही, पण नजर ठेवायची. कुणी ठेवायची, हा प्रश्न कॉलनीत उद्भवलाच नाही. सर वही घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ त्या तांबड्या कुत्र्याच्या मागं, अंतर राखून. मी वही पाहिली आहे. 'दिवस दुसरा: भाकरी खाल्ली, पाणी प्यालं. दिवस पाचवा: माझ्याकडे पाहिलं. दिवस सहावा: शेपूट हलवली (भाकरी माझ्या हातात, निष्कर्ष काढता येत नाही).' आठव्या दिवसापासून पाळत कोण कोणावर ठेवतंय हे कळेनासं झालं. सर थांबले की ते थांबायचं, सर निघाले की निघायचं.

दहाव्या दिवशी सरांनी 'निरोगी' लिहून खाली सही केली, तारीख घातली आणि घरी आले. मागं तांबडं. फाटकातून नियम भुंकला, अपवाद बसला. काकू दारात.

"अहो, आता याला?"

"उद्या लस. मग नसबंदी. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारतो."

"ते झालं. झोपायला कुठं?"

सरांनी वही उघडली. अकराव्या दिवसाचा रकाना आखलेला नव्हता. काकूंनी जुनं पोतं आणून ओसरीत टाकलं आणि हाक मारली, "ये रे तांबड्या." ते आलं.

"नाव मी ठेवणार होतो," सर म्हणाले.

"ठेवा की. वहीत."