सूड घ्या, पण वेळेत घ्या

मिथुन चक्रवर्तीचे उटीत काढलेले स्वस्तातले सूडपट मला मनापासून आवडतात. मित्रमंडळी ते चोरून बघतात आणि चारचौघांत इराणी सिनेमावर बोलतात. आवडीची एवढी लाज कशाला?

नव्वदच्या दशकात मिथुननं उटीत हॉटेल काढलं आणि निर्मात्यांचं गणित सोपं झालं. युनिटनं तिथंच राहायचं, आसपासच्या डोंगरांत शूटिंग उरकायचं, काही महिन्यांत सिनेमा तयार. खर्चच कमी, त्यामुळे छोट्या गावांतल्या थिएटरांच्या गल्ल्यावरही पैसे सुटायचे. या कारखान्याला नाकं मुरडणाऱ्यांनी त्यावर किती लाइटमन आणि फायटरांच्या चुली पेटल्या, हे कधी विचारलं नाही.

कांती शहांचा ‘गुंडा’ (१९९८) बघा. नायक कुली, सोबतीला माकड. खलनायक स्वतःची ओळख यमकात करून देतात आणि शेवटच्या मारामारीत चक्क रिक्षांचा ताफा चालून येतो. कोण मरणार हे आधीच कळतं. बघायचं ते कसं मरणार एवढंच. ज्याचा जमिनीचा दावा तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा खातोय, त्याला एका बैठकीत लागलेला निकाल बघायला मिळतो. म्हणून तो काही कोयता घेऊन बाहेर पडत नाही. हात-पाय धुतो, जेवतो आणि शांत झोपतो.

या सिनेमांतली बलात्काराची दृश्यं मात्र ओंगळ आहेत. नायकाला पेटवायला दर वेळी बहिणीचाच बळी का? त्याचं समर्थन होणार नाही. तेवढा भाग मी सरळ पुढं ढकलते.

आता सुडाकडे पैसा आला आणि त्याची लांबी वाढली. ‘ॲनिमल’ (२०२३) तब्बल ३ तास २१ मिनिटांचा. एवढ्या वेळात मिथुननं दोन टोळ्या संपवल्या असत्या!

‘मृगया’साठी (१९७६) राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा नट रिक्षांसमोरही हातचं राखून उभा राहत नाही. २०२२ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्याला मिळाला, त्यात उटीच्या सिनेमांचाही वाटा आहे, असं मी मानते.

या शनिवारी रात्री असा एखादा लावा. आणि सोमवारी ऑफिसात कुणी विचारलंच, तर सिनेमाचं खरं नाव सांगा.