मंग दुसरा कोण?

येवल्याचा खरा तात्या म्हणजे टोपे. इथे जन्मला आणि पुढे इंग्रजांशी लढला. आमच्या गल्लीतले तात्या इंग्रजांच्या बाजूने लढतात. लंडनचा आर्सेनल हा फुटबॉल क्लब म्हणजे त्यांचा पक्ष. आदल्या रात्री आर्सेनल हरला की सकाळी त्यांच्या मागाचा खटखटाट जरा जास्त ऐकू येतो. शेजारच्या म्हातारीला ऑफसाइड कळत नाही, पण निकाल कळतो.

तात्या पैठणी विणतात. बोटांत रेशीम, कानात कॉमेंट्री. चेंडूला त्यांचा पाय आयुष्यात एकदाच लागला, तोही गल्लीतल्या पोरांचा चेंडू मागाखाली आला म्हणून. पण मॅनेजर या प्राण्याबद्दल त्यांचा अधिकार असा, की मँचेस्टरपासून मडगावपर्यंत कुणाचीही खुर्ची ते चहाच्या एका कटिंगमध्ये रिकामी करून देतात.

ही जमात कोल्हापूरच्या तालमींच्या कट्ट्यावर सापडते, गोव्याच्या फातोर्ड्यालाही सापडते. तिच्यात दोन पंथ आहेत, ‘काढा’वाले आणि ‘थांबा’वाले. तात्या दोन्ही पंथांचे आजीव सभासद. कोणत्या दिवशी कोणता पंथ, हे शनिवारच्या निकालावर ठरतं. दोन्हीकडे मंत्र मात्र एकच: “मंग दुसरा कोण?” संघ जिंकला की ही ढाल असते. “याला काढा म्हणत होते ना? मंग दुसरा कोण?” संघ हरला की हाच प्रश्न खरा होतो आणि तात्या वही काढतात.

वहीत पुढून रेशमाची नि जरीची उधारी. मागून मॅनेजर. दोन्ही याद्या वाढत्या आहेत, आणि दोन्हींतलं काहीच वसूल होत नाही.

आता मिकेल आर्तेताचंच बघा. गडी डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलचा मॅनेजर म्हणून आला. २०२० च्या ऑगस्टमध्ये एफए कप जिंकला, तेव्हा तात्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण लीगमध्ये संघ आठवा. पुढच्या वर्षी पुन्हा आठवा. तात्यांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, अंतोनिओ काँते. सहा महिने आम्ही काँतेचं चरित्र ऐकलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो आला, पण शेजारच्या टॉटनहॅमकडे! सख्ख्या वैऱ्याच्या घरी सून म्हणून गेल्यासारखा. तात्या आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मार्च २०२३ मध्ये तो तिथून रिकाम्या हाताने गेला, तेव्हा तात्यांनी नावावर काट मारली आणि म्हणाले, “मी तर तेव्हाच सांगत होतो.” २०२५ मध्ये त्याच काँतेने नापोलीला इटलीची लीग जिंकून दिली. काट मारलेल्या नावाखाली आता टिंबं आहेत. तात्यांच्या वहीत त्याचा अर्थ ‘नाव कायम’.

उनाय एमेरीची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. आर्तेताच्या आधी तोच होता. २०१९ च्या नोव्हेंबरात त्याला काढलं, आणि काढा म्हणणाऱ्यांत तात्या पहिल्या रांगेत होते. पुढे तो अ‍ॅस्टन व्हिलात गेला. एप्रिल २०२४ मध्ये, आर्सेनल विजेतेपदाच्या अगदी जवळ असताना, एमेरीच्या व्हिलाने आर्सेनलच्याच अंगणात येऊन २-० ने हरवलं. शेवटी लीग हुकली ती दोन गुणांनी. म्हणजे ज्या स्थळाला आपण नाही म्हटलं, त्याने आपल्याच मांडवात येऊन जेवण उष्टावलं.

स्थळ म्हटलं की वहिनी आठवतात. वहिनींना फुटबॉलमधलं काही कळत नाही असं तात्या म्हणतात. पण तात्यांचं अख्खं शास्त्र त्यांना पंचवीस वर्षांपासून तोंडपाठ आहे. तात्यांच्या वेळी त्यांना आणखी एक स्थळ आलं होतं, नांदगावचं. त्या गृहस्थांचा आता पेट्रोल पंप आहे. घरात गॅस संपला, नळाला पाणी आलं नाही, पैठणीचे पैसे थकले, की वहिनी फक्त “नांदगाव” म्हणतात. एक शब्द. तात्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा आठव्या क्रमांकावरचा आर्तेता दिसतो.

मी एकदा म्हटलं, “अहो वहिनी, त्या माणसाबरोबर संसार कुठे केलात तुम्ही? तोही घोरत असेल.”

“असेल,” वहिनी म्हणाल्या, “पण मला ऐकू येत नाही ना.”

याहून नेमकं विश्लेषण मी कुठल्याच क्रीडावाहिनीवर ऐकलेलं नाही.

तात्यांची ही दृष्टी तयार झाली ती गच्चीवर, असं माझं मत आहे. येवल्यात संक्रांतीला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस माणसं घरात सापडत नाहीत. सगळं गाव गच्चीवर, हातात मांज्याची आसारी, खाली हलकडी वाजतेय. पतंग उडवणारा एक असतो आणि त्याला सांगणारे तीन गच्च्यांवर पसरलेले असतात. ढील दे! खेच! अरे, आता कशाला खेचलीस! पतंग कटली की आसारीवाला नालायक. मग आसारी सांगणाऱ्याच्या हातात देतात. त्याचीही कटते. तेव्हा तो वारा, मांजा आणि आधीच्या आसारीवाल्याने करून ठेवलेला गुंता, यांवर सविस्तर बोलतो. नव्या मॅनेजरची पहिली पत्रकार परिषद मी टीव्हीवर पाहतो तेव्हा मला हलकडी ऐकू येते.

गेल्या वर्षी तर तात्यांना घरचंच कार्य मिळालं. जुलै २०२५ मध्ये मनोलो मार्केझ भारतीय संघ सोडून गेले आणि महासंघाकडे नव्या प्रशिक्षकासाठी १७० अर्ज आले. तात्यांना वही पुरेना. त्यातच बातमी आली, की अर्जदारांत बार्सिलोनाचा झावी आहे! तात्यांनी त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे पैसे दिले, ही येवल्याच्या इतिहासात नोंद व्हावी अशी घटना. झावीला येवल्याचं ऊन मानवेल का, इथवर चर्चा गेली. मग महासंघानेच सांगितलं, की झावी आणि ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नव्हते. कुणीतरी गंमत केली होती. चहावाल्याने पैसे परत केले नाहीत.

उरली तीन नावं: स्टीफन कॉन्स्टंटाइन, श्टेफान तार्कोविच आणि खालिद जमील. कॉन्स्टंटाइन यांनी भारतीय संघ पूर्वी दोनदा सांभाळलेला, म्हणजे मोडलेल्या सोयरिकीचाच नारळ तिसऱ्यांदा. तार्कोविच स्लोव्हाकियाचे माजी प्रशिक्षक. जमील यांनी २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिलेली. ऑगस्टमध्ये जमील आले. सप्टेंबरात ताजिकिस्तानात भारताने ओमानला पेनल्टी शूटआउटवर हरवलं, आणि तात्या म्हणाले, “बघा! मंग दुसरा कोण?” ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने २-१ ने हरवलं, आशियाई कपाचं दार बंद झालं, आणि तात्यांनी तोच प्रश्न खालच्या सुरात विचारला.

“झावी असता तर ही वेळ आली नसती,” ते म्हणाले.

“तात्या, तो ई-मेल खोटा होता.”

“म्हणूनच तर,” तात्या शांतपणे म्हणाले, “एकही मॅच हरला नाही.”

त्याच आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, मी त्यांच्याकडे बसलो असताना व्यापारी आला. तात्यांच्या मागावर पदराचे मोर चालले होते. रंगारंगाच्या कांड्या एकेक करून धाग्यांतून काढायच्या, म्हणजे दिवस मावळतो तेव्हा कुठे बोटभर मोर पुढे सरकतो. व्यापाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला.

“तात्या, मागच्या खेपेला इथंच होता मोर.”

“मान आली की त्याची. तेव्हा नुसते पाय होते.”

“गिऱ्हाईक थांबत नाही हो. पलीकडच्या गल्लीतला एक जण म्हणतो, महिन्यात उतरवून देतो.”

माग थांबला. मला वाटलं, आता वही निघणार. पण तात्यांनी पदराचा काठ अंगठ्याने वर करून त्याला खालची बाजू दाखवली. वरचा मोर आणि खालचा मोर सारखाच, एक धागा लोंबत नव्हता.

“म्हणतो ना? उतरवलीय का एखादी? मंग दुसरा कोण?”

व्यापारी चहा न घेताच उठला, पण जाताना आणखी पंधरा दिवस देऊन गेला. तात्यांनी धोटा सारला, कानात कॉमेंट्री परत घातली. आर्सेनल त्या आठवड्यात गुणतक्त्यात चक्क पहिला होता. मी अभिनंदन केलं.

“पहिला आहे हो,” तात्या कांडी बदलत म्हणाले, “पण सहा वर्षं लावली याने. इतका सावकाश माणूस! याच्या जागी दुसरा असता ना, तर एव्हाना...”

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

“नांदगाव!” वहिनी म्हणाल्या.