चेहरा कसा ठेवायचा

टेनिसची मॅच लागली की आमचे हे चेंडू बघतात आणि मी बॉक्स बघते. बॉक्स म्हणजे कोर्टाच्या कडेला खेळाडूच्या गोतावळ्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या. तिथे प्रशिक्षक असतो, फिजिओ असतो आणि त्यांच्यात एक बिनपगारी माणूस असतं: खेळाडूची बायको, नवरा, नाहीतर लग्नाचं अजून घाटत असलेलं कोणीतरी.

“अगं, काय बॅकहँड मारला!” हे ओरडतात.

“पण तिनं टाळी वाजवली का?”

“कोणी?”

“त्याच्या बायकोनं. नाही वाजवली. आता सर्व्हिस जाणार बघा याची.”

ती जाते. मग हे माझ्याकडे जरा संशयानं बघतात.

त्या खुर्चीवर बसणं येरागबाळ्याचं काम नाही. २०१२ची ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल जोकोविच आणि नदाल ५ तास ५३ मिनिटं खेळत होते. खेळाडूला निदान धावायला मिळतं, डोकं फिरलं तर रॅकेट आपटता येते. बॉक्समधल्या माणसाजवळ फक्त चेहरा असतो. पॉइंट गेला की खेळाडू हमखास तिकडे बघतो. तेव्हा ‘काही बिघडलं नाही’ असं दिसलं पाहिजे, पण ‘माझं काय बिघडतंय’ असं दिसून चालत नाही. हसावं तर ‘तुला हसू सुचतंय’, गंभीर व्हावं तर ‘तुझाच माझ्यावर भरवसा नाही’. आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर.

अँडी मरेची होणारी बायको किम सीअर्स, तिचा चेहरा २०१५ साली मेलबर्नमध्ये एकदा हातातून सुटला. सेमीफायनलला समोर बर्डिख होता आणि त्याच्या बॉक्समध्ये बसला होता मरेचा गोतावळा नुकताच सोडून गेलेला माणूस. किमच्या ओठांवर जे आलं ते आवाजाशिवायही जगाला नीट कळलं. फायनलला या बाईनं काय करावं? कॅसेट-सीडीच्या कव्हरवर पालकांसाठी छापतात तो ‘आत शिव्या आहेत’ छापाचा इशारा छातीवर मिरवणारा टीशर्ट घालून आली. मरे फायनल हरला, पण एप्रिलमध्ये त्यानं तिच्याशीच लग्न केलं. शहाणा माणूस.

फेडररची मिरका स्वतः टेनिसपटू. दोघांचं जुळलं ते २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये. पुढे पायाच्या दुखण्यानं तिचा खेळ सुटला आणि ती याच्या खेळाचा संसार बघू लागली. जुळ्यांच्या दोन जोड्या, म्हणजे चार मुलं, घेऊन हे बिऱ्हाड जगभर हिंडत असे. २०२२ साली लंडनला निरोप घेताना रॉजर रडत रडत म्हणाला, ही मला केव्हाच थांबवू शकली असती, पण तिनं थांबवलं नाही. आमच्या ह्यांनीही डोळे पुसले.

“तुम्हाला मी कशापासून थांबवलंय हो?” मी विचारलं.

“यादी आणू?”

नदालची बायको शिस्का बऱ्याचदा मॅचला यायचीच नाही. तिला तिची कामं होती. स्वितोलिना आणि माँफिस या जोडप्यात दोघंही खेळाडू, त्यामुळे आळीपाळीनं एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं चेहरा सांभाळायचा. स्त्री-पुरुष समानतेचा याहून चोख नमुना माझ्या बघण्यात नाही.

बॉक्समधून सूचना देणं हा पूर्वी गुन्हा होता. २०१८च्या यूएस ओपन फायनलमध्ये प्रशिक्षकाच्या हातवाऱ्यांवरून सेरेनाला ताकीद मिळाली आणि पुढचं रामायण घडलं. २०२५पासून मात्र खेळाच्या नियमांनीच बाहेरून सल्ला द्यायला मोकळीक दिली. टेनिसवाल्यांना याचे परिणाम ठाऊक नसावेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे गाडी मागे घेतात तेव्हा मी खाली उतरून “या, या, या... थांबा!” म्हणते. गाडी नीट लागली तर ह्यांचं ड्रायव्हिंग, खांबाला घासली तर माझं मार्गदर्शन. डबल फॉल्ट स्वतः करून बॉक्सवर ओरडणारा मरे मला म्हणूनच फार घरचा वाटतो.

एवढं करून बॉक्समधल्या माणसाला मॅच काही जिंकून देता येत नाही, असं माझं मत होतं. ते मेदवेदेवनं खोडून काढलं. १२ सप्टेंबर २०२१, न्यूयॉर्क. चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकायला जोकोविचला एकच मॅच हवी होती. पुरुषांमध्ये १९६९ साली लेव्हरनंतर ते कोणाला जमलं नव्हतं. अख्खं स्टेडियम इतिहास बघायला जमलेलं. आणि समोरच्या मेदवेदेवला घोर कसला? त्या दिवशी त्याच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि स्पर्धेच्या धांदलीत बायकोसाठी भेटवस्तू घ्यायची राहून गेली होती. हरलो तर आता दुसरं काही आणायला वेळ नाही, म्हणजे जिंकणं भाग आहे, असा त्याचा सरळ हिशेब. ६-४, ६-४, ६-४. हे त्यानं नंतर माइकवर सगळ्यांना सांगून टाकलं. त्याची बायको दारिया मॅचभर बसून होती. तिनं काहीही केलं नाही, आणि जोकोविचचं वर्ष हुकलं.

ही गोष्ट मी ह्यांना मुद्दाम आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ऐकवली. हे शांतपणे म्हणाले, “अगं, पण त्याच्यासमोर जोकोविच होता. माझ्यासमोर तू आहेस.”